अकरा नंबरची खेप

१

प्लेट कोरीच राहिली.

तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट, तिच्यात शहाण्णव बारके खळगे. शेवटचं द्रावण घातलं की पाच मिनिटांत खळग्यांत निळा रंग उतरायला लागतो, हे धाकटीने वर्षभरात दोनशे वेळा तरी पाहिलं होतं. आज पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. शहाण्णवच्या शहाण्णव खळग्यांत नुसतं पाणी भरल्यासारखं दिसत होतं.

तिच्या पाठीशी दोन पाहुणे उभे होते. धाकटीचं काम आपल्या हातांनी पुन्हा करून पाहायला ते दुसऱ्या संस्थेतून मुद्दाम आले होते. प्लेट त्यांनीच लावली होती. नमुने त्यांचे, हात त्यांचे, घड्याळ त्यांचं. इथली होती ती फक्त प्रतिपिंडं, ठरावीक प्रथिनाला पकडणारी. दोघांतला वयस्क पाहुणा फार सभ्य होता. वहीत एक ओळ लिहून त्याने पेनाला टोपण लावलं. त्या एवढ्याशा आवाजाने धाकटी दचकली.

प्रयोगशाळेतली वयाने सगळ्यांत लहान, म्हणून ती धाकटी. तिचं काम सांगायला सोपं होतं. माणसाच्या शरीरात एक प्रथिन असतं, ते जखमेच्या कडांना ‘वाढा’ म्हणून सांगतं. ते कमी पडलं की जखम चिघळते. धाकटीने बेचाळीस रुग्णांच्या जखमांमधल्या स्रावात हे वाढीचं प्रथिन मोजलं होतं आणि कुणाची जखम चिघळणार हे आठवडाभर आधी सांगता येतं असं दाखवून दिलं होतं. रुग्णाचा पाय वाचवायला आठवडा पुष्कळ झाला.

“शुद्ध प्रथिन घातलेले खळगेसुद्धा कोरे आहेत,” पाहुणा सरांना म्हणाला. “तिथे तरी रंग यायलाच हवा होता.”

सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख; त्यांची पत्नी शेजारीच उभी होती. ते तडक फ्रीजरकडे गेले. ‘अकरा नंबर’ लिहिलेल्या प्रतिपिंडाच्या कुप्यांचा खोका त्यांनी बाहेर काढला आणि एक कुपी उजेडात धरली. मग कुपीकडे पाहणं सोडून ते धाकटीकडे पाहू लागले.

“पाहुणे येणार हे तुला महिनाभर माहीत होतं,” ते म्हणाले. “आकडे घरी बसून रचलेले असतील तर सुटायचा एकच मार्ग. कुप्यांत पाणी भरायचं आणि प्रतिपिंड खराब झालं म्हणायचं.”

धाकटीला वाटलं, आपण काहीतरी बोललं पाहिजे. पण सर आधीच खोका परत ठेवू लागले होते.

“परवा चार वाजता समिती बसेल,” सर म्हणाले. “तोवर तू कशालाही हात लावायचा नाहीस.”

२

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. एका मोठ्या रुग्णालयाची तपासणी-शाळा त्यांनी तीस वर्षं सांभाळली होती, आणि आता निवृत्तीनंतर असल्या भानगडी सोडवायला लोक त्यांना बोलावत. ठेंगणी, कमरेत किंचित वाकलेली मूर्ती. काखेत एक लहान उशी, कारण प्रयोगशाळेतली स्टुलं माणसांसाठी बनवलेलीच नसतात असं त्यांचं ठाम मत होतं.

त्यांनी पहिली मागणी केली ती धाकटीची. ही माझ्याबरोबर फिरेल, असं त्यांनी सांगितलं तेव्हा सर तडकले. बाईंनी शांतपणे उशी स्टुलावर ठेवली.

“चोर असेल तर माझ्या डोळ्यांसमोर राहील,” त्या म्हणाल्या. “नसेल तर चार गोष्टी शिकेल. तुमचं नुकसान कशात आहे?”

फ्रीजरची किल्ली चौघांकडेच होती: सर, त्यांची पत्नी, दादा आणि धाकटी. सरांच्या पत्नीला सगळे वहिनी म्हणत. दादा हा सगळ्यांत जुना संशोधक, धाकटीसारखाच प्लेटा लावणारा. येत्या महिन्यात प्रयोगशाळेत एक कायमची जागा भरायची होती आणि तिच्यासाठी दोनच नावं होती, दादाचं आणि धाकटीचं.

दादाने आल्या आल्याच तो विषय काढला. “ही गेली तर जागा मला मिळते. तुम्ही विचारण्याआधी मीच सांगतो.”

“बरं झालं,” बाई म्हणाल्या. “माझा वेळ वाचला.”

मग त्याने विचारलेलं सगळं सांगितलं, पण मोजून मापून. चाचणीला दोन प्रतिपिंडं लागतात, सात नंबर आणि अकरा नंबर. दोन्ही सरांनी दहा वर्षांपूर्वी तयार केलेली. ती बनवणाऱ्या पेशी द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवलेल्या असतात, आणि जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. अकराची जुनी खेप संपत आली म्हणून पाच आठवड्यांपूर्वी नवी बनवली. वहिनींनी पेशी वाढवून प्रतिपिंड बाटलीत भरून दिलं. दादाने त्याला रंग आणणारं एन्झाइम जोडलं, वीस कुप्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या. धाकटीने नवी कुपी पहिल्यांदा उघडली ती पाहुण्यांसमोरच.

“नवी खेप कुणी तपासली?”

“वहिनींनी. काचपट्टीवर. रंग उत्तम आला होता.”

“प्लेटवर नाही?”

दादाने खांदे उडवले. नवी खेप काचपट्टीवर तपासायची ही इथली जुनी रीत होती. आजवर त्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं.

जाता जाता बाईंनी विचारलं, जुन्या खेपेतलं अकरा नंबर कुठे थेंबभर तरी उरलं आहे का. दादा म्हणाला, नाही. पण ते म्हणताना त्याने धाकटीची नजर चुकवली, आणि ती गोष्ट तिच्या मनात काट्यासारखी रुतून बसली.

३

वहिनी सूक्ष्मदर्शकावर वाकून बसल्या होत्या. जखमेच्या कातडीचे पातळ काप काचपट्टीवर ठेवून रंगवायचे आणि ते वाढीचं प्रथिन कुठे कुठे आहे ते पाहायचं, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. पेशी वाढवणं आणि टाकीत नायट्रोजन भरणंही त्यांच्याकडेच. प्लेटा त्यांनी जन्मात लावल्या नव्हत्या. त्या खळग्यांत डोळे फुटतात, असं त्या म्हणत.

त्यांनी धाकटीला जवळ ओढून घेतलं, पोरगी रात्रभर झोपलेली दिसत नाही म्हणाल्या, आणि बाईंना सांगितलं की हिने काहीही केलेलं नाही. समिती हिचं नक्की काय करणार, हे त्यांनी विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.

बाईंनी काचपट्ट्या पाहायला मागितल्या. दोन शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या, एक सात नंबरने रंगवलेली आणि एक अकराने. दोन्हींवर त्याच जागी तोच तपकिरी रंग.

“सुरेख आहेत,” बाई म्हणाल्या. “यांतली सातची कुठली आणि अकराची कुठली?”

वहिनी हसल्या. चिठ्ठी वाचल्याशिवाय मलाही सांगता येत नाही, असं त्यांनी कबूल केलं. प्रथिन तेच, मग कुठलंही प्रतिपिंड लावा, रंग तोच येतो.

सरांची गाठ सगळ्यांत लवकर आटोपली. कुप्यांत पाणी आहे, तेवढं दाखवून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

“तेच पाहूया,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पिपेट धाकटीच्या हातात दिलं.

प्रयोग साधा होता. एका कोऱ्या प्लेटच्या खळग्यांत शुद्ध प्रथिन घालून ते थेट प्लास्टिकला चिकटू द्यायचं. दोन तासांनी धुवायचं. मग त्यावर नव्या कुपीतलं अकरा नंबर घालायचं. कुपीत पाणी असेल तर खळगे कोरे राहतील.

चौघंही टेबलाभोवती जमले. धाकटीने शेवटचं द्रावण घातलं.

तीन मिनिटं झाली आणि खळगे निळे होऊ लागले. पाच मिनिटांत गर्द निळे झाले.

धाकटीने सुटकेचा श्वास घेतला. कुपीत पाणी नव्हतं. तिने काही भरलं नव्हतं, काही बदललं नव्हतं. तिने वळून सरांकडे पाहिलं.

सरांचा चेहरा आणखी कठोर झाला होता.

“म्हणजे प्रतिपिंड चांगलं आहे,” ते सावकाश म्हणाले. “तरीही चाचणी चालली नाही. याचा अर्थ चाचणी कधी चाललीच नव्हती. ना काल, ना वर्षभरात. मग तुझे बेचाळीस रुग्णांचे आकडे आले कुठून, धाकटे?”

४

सगळे निघून गेल्यावर धाकटी खुर्चीत बसली. कुप्यांत पाणी भरल्याचा आळ पुसला गेला होता, पण आकडे रचल्याचा आता पक्का बसला होता. कुपी बिघडवणाऱ्याला एक वेळ माफी असते. आकडे रचणाऱ्याला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. पदवी जाईल, जागा जाईल, तेही एक वेळ सोसता येईल. पण वडिलांना काय सांगायचं? आणि त्या बेचाळीस माणसांना?

“रडायचं असेल तर लवकर उरकून घे,” बाई म्हणाल्या. “मग मला सांग, चाचणी कशी चालते. मी दहा वर्षांची आहे असं समज.”

धाकटीने नाक पुसलं. खळग्याच्या तळाला सात नंबर चिकटवलेलं असतं, ती म्हणाली. स्राव घातला की सात नंबर त्यातलं प्रथिन पकडून ठेवतं. बाकी सगळं धुऊन जातं. मग एन्झाइम जोडलेलं अकरा नंबर घालायचं. तेही प्रथिनाला पकडतं आणि खळगा निळा होतो.

“दोघं एकाच प्रथिनाला पकडतात? मारामारी होत नाही?”

“नाही. सात एका बाजूला धरतं, अकरा दुसऱ्या.”

“असं सांग ना. बाजारात पोर हरवू नये म्हणून त्याचा एक हात आईने धरला, एक बापाने.” बाईंनी स्वतःचे दोन्ही हात पसरून दाखवले. “आता समज, बापालाही तोच हात हवा आहे जो आईने घट्ट धरलाय. मग?”

“मग त्याला धरायला काही उरणार नाही. पुढच्या धुण्यात तो वाहून जाईल.”

“आणि खळगा?”

“कोरा.” धाकटी थांबली. “पण पोर एकटं असेल, आई नसेल, तर त्याला तो हात मोकळा मिळेल. आजच्यासारखं. आज आपण सात नंबर घातलंच नव्हतं.”

“मीही हाच विचार करत होते,” बाई म्हणाल्या. “त्या कुपीत प्रतिपिंड आहे हे खरं. पण ते अकरा आहे हे कुणी सांगितलं? चिठ्ठीने.”

कुपीत सात नंबरच असेल तर ते सिद्ध करायचा मार्ग धाकटीला आता आपसूक दिसला. प्रथिन प्लास्टिकला चिकटवायचं. त्यावर साधं, एन्झाइम न जोडलेलं सात नंबर भरपूर ओतायचं, म्हणजे तो एक हात सगळीकडे अडकून जाईल. मग कुपीतलं घालायचं. खरं अकरा असेल तर रंग येईल. सात असेल तर येणार नाही.

त्यांनी तसं केलं. संध्याकाळचं ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर गेलं तोवर उत्तर समोर होतं. खळगे कोरे.

पण बाईंच्या कपाळावरची आठी गेली नाही. समिती विचारेल, खरं अकरा नंबर असतं तर रंग आला असता हे कशावरून? तुलनेला जुनं अकरा हवं. आणि जुनं अकरा संपलं होतं. दादाने तसं सांगितलं होतं.

५

बुधवारी सकाळी धाकटी आली तेव्हा दादा तिच्या टेबलापाशी उभा होता. त्याने मूठ उघडली. तळव्यावर बर्फाच्या चुऱ्यात एक लहानशी कुपी होती आणि तिच्यावर धाकटीच्याच अक्षरात लिहिलं होतं: अकरा, जुनी खेप.

नोंद न करता साठ्यातून प्रतिपिंड उचलणाऱ्याला सर दुसऱ्या दिवशी ठेवत नसत. दादाने ही कुपी आठ महिन्यांपूर्वी आपल्या कामासाठी उचलली होती आणि लपवून ठेवली होती. तो रात्रभर विचार करत होता, असं त्याने सांगितलं. गप्प राहिला असता तर जागा त्याचीच होती.

“का आणलीस मग?” धाकटीने विचारलं.

“आभार मानू नकोस. मला राग येतोय,” दादा म्हणाला. “तुझा नाही. लाव लवकर.”

त्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, शेजारी शेजारी. सात नंबरने अडवलेल्या खळग्यांत एका ओळीत नव्या खेपेचं अकरा, एका ओळीत जुन्या खेपेचं. नवी ओळ कोरी राहिली. जुनी ओळ निळी झाली.

धाकटीला हसू आणि रडू एकदम आलं. बाईंनी मात्र घड्याळ पाहिलं.

“काय झालं ते कळलं,” त्या म्हणाल्या. “आता कुणी केलं ते. सगळ्यांना बोलाव.”

६

चौघांना समोर बसवून बाईंनी दोन्ही ओळी दाखवल्या. मग शाळेत गणित सोडवून दाखवावं तशा त्या एकेक पायरीने बोलू लागल्या. त्यांचा आवाज जराही चढला नाही.

त्या म्हणाल्या, पहिल्यापासून सगळे एकच गोष्ट धरून बसले होते, की कुणीतरी चाचणी बिघडवली. पण बिघडवायचीच असती तर कुपीत पाणी भरणं पुरे होतं. दोन मिनिटांचं काम. इथे कुणीतरी जिवंत, उत्तम प्रतिपिंड भरलं होतं. चाचणी बंद पडावी म्हणून कुणी एवढे कष्ट घेत नाही. हे ज्याने केलं त्याला ती चालू राहायला हवी होती.

“म्हणजे अकरा नंबर संपलं होतं,” बाई म्हणाल्या. “नवं मिळत नव्हतं. आणि कुणाला तरी प्रामाणिकपणे वाटलं की अकराच्या जागी सात भरलं तरी भागेल, कुणाला कळणारही नाही. असं कुणाला वाटेल? या मुलीला नाही. सात आणि सात मिळून खळगा कोरा राहतो हे ती झोपेत सांगेल. दादाला नाही, तोही प्लेटा लावतो. सरांना तर नाहीच, ही जोडी त्यांनीच निवडली. उरतं ते असं माणूस, ज्याच्या कामात एका वेळी एकच प्रतिपिंड लागतं. ज्याला सातचा आणि अकराचा रंग सारखाच दिसतो.”

सर अजून प्लेटकडेच बघत होते. त्यांना कळायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

“बाटली मी दिली,” वहिनी म्हणाल्या.

त्यांचा आवाज इतका साधा होता की धाकटीला आधी त्याचा अर्थच लागला नाही. मग वहिनी बोलत राहिल्या, मांडीवरच्या हातांकडे पाहत. दोन महिन्यांपूर्वी त्यांची आई आजारी होती. त्या धावपळीत टाकीत नायट्रोजन भरायचा राहून गेला. खालच्या कप्प्यापुरता गारवा उरला, वरचा कप्पा कोरडा पडला. सातच्या पेशी खाली होत्या, त्या जगल्या. अकराच्या वर होत्या.

“त्यांतली एकही उठली नाही. तीन आठवडे मी वाट पाहिली. यांची दहा वर्षं होती हो त्या कप्प्यात. कसं सांगणार होते मी? काचपट्टीवर पाहिलं, सातने तसाच रंग आला. वाटलं, भागेल.”

“आणि सोमवारी?” सर म्हणाले. “सोमवारी तुला कळलं ना?”

“काहीतरी माझ्यामुळे झालंय एवढं कळलं.”

“मी या पोरीला खोटारडी ठरवलं. तू शेजारी उभी होतीस.”

वहिनींनी मान हलवली. होय, उभ्या होत्या.

७

चार वाजता समिती बसली. सगळं ऐकून घेतल्यावर वयस्क पाहुणा म्हणाला, चाचणी का बिघडली ते समजलं. पण वर्षभराचे आकडे खरे आहेत हे त्याने अजून सिद्ध होत नाही. त्या बेचाळीस रुग्णांच्या स्रावाचे नमुने फ्रीजरमध्ये शिल्लक होते. जुन्या खेपेने, आमच्या डोळ्यांसमोर, पूर्ण प्लेट लावा.

दादाच्या कुपीत जेमतेम एका प्लेटपुरतं अकरा नंबर उरलं होतं. सरांनी कुपी हातात घेतली. यातलं थोडं राखून ठेवलं तर त्याची रचना वाचून ते कदाचित पुन्हा बनवता येईल, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग पाहुण्याला त्यांनी विचारलं, अर्धी प्लेट चालेल का.

“अर्ध्यावर मी सही करणार नाही,” पाहुणा म्हणाला. तो अजूनही तितकाच सभ्य होता.

सरांनी कुपी उजेडात धरली. धाकटी त्यांच्याकडे पाहत नव्हती. तिला मागायचं नव्हतं. तिने सोमवारपासून कुणाकडे काही मागितलं नव्हतं आणि आता शेवटच्या क्षणी तोंड उघडलं तर आपण मोडून पडू, अशी तिला भीती वाटत होती.

“घे,” सर म्हणाले. “सगळं वापर.”

तिने कुपी घेतली. शेवटचा थेंब शेवटच्या खळग्यात पडला तेव्हा जगातलं अकरा नंबर संपलं. मग ते सगळे उभे राहिले आणि वाट पाहू लागले. पाच मिनिटं झाली. शुद्ध प्रथिनाचे खळगे निळे झाले, पायरीपायरीने, गर्द ते फिकट. त्यांच्यामागून रुग्णांचे नमुने रंगले, काही गर्द, काही अगदी फिके, आणि त्या फिक्या खळग्यांत धाकटीला ती माणसं दिसली ज्यांच्या जखमा भरणार नव्हत्या. पाहुण्याने प्लेट यंत्रात घातली. यंत्राचे आकडे त्याने तिच्या वहीतल्या आकड्यांशी एकेक करून ताडून पाहिले. मग त्याने पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.

बाईंनी उशी काखेत मारली. जाताना त्यांनी धाकटीच्या पाठीवर एकदा हात ठेवला आणि सरांना सांगितलं की नव्या खेपा यापुढे प्लेटवरही तपासत चला. सरांनी ते वहीत लिहून घेतलं. दादाला त्यांनी काही विचारलं नाही.

धाकटी टेबल आवरत होती तेव्हा वहिनी दारात येऊन थांबल्या. आत आल्या नाहीत.

“धाकटे, माझ्याशी बोलशील ना कधीतरी?”

धाकटीने हातातली प्लेट खाली ठेवली.

“बोलेन, वहिनी. पण तीन दिवस तुम्ही माझ्या शेजारी बसून जेवलात, मला झोप लागते का विचारलंत. त्याचं मी काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.”

वहिनींनी दार हळूच ओढून घेतलं.